किती वाजता येणार?

पत्र असं आहे :

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय सदुसष्ट. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू यांच्यासोबत राहते. दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे स्वयंपाक आणि नातवाची शाळा माझ्याकडे. मला कुणी वाईट वागवत नाही, हे आधीच सांगते. पण सकाळी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला निघाले तरी दारातून प्रश्न येतो, ‘किती वाजता येणार?’ पूर्वी सासूबाई विचारायच्या, मग हे विचारायचे, आता मुलगा विचारतो. परवा नातवानेही विचारलं.

मला नर्मदा परिक्रमा करायची आहे. पायी. शेजारणीचा भाऊ करून आला, त्याच्याकडून ऐकलं आणि डोक्यातून जाईना. मी फार देवधर्म करणारी नाही. पुण्याचा हिशेबही मला जमत नाही. सकाळी उठून एका दिशेने चालत राहायचं आणि संध्याकाळी जिथे पोचू तिथे झोपायचं, एवढंच मनात आहे.

मुलगा म्हणतो, ‘या वयात? लोक म्हणतील आईला घराबाहेर काढलं. जायचंच असेल तर बसने जा, मी बुकिंग करतो.’ सून बोलली नाही, पण नातवाच्या शाळेचा विषय दोनदा निघाला. मुलगा असंही म्हणाला, की एवढ्या लांब जाणार असशील तर घराच्या कागदांवर सह्या करून जा, मागे अडचण नको. घर यांच्या नावावर होतं, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. माझं पेन्शनचं एटीएम कार्ड मुलाकडेच असतं. मुलगी म्हणते जा, पण ती लांब राहते.

मला रक्तदाबाची गोळी आहे, एक गुडघा कुरकुरतो आणि पोहता येत नाही. परवानगी कशी मागू, म्हणजे मिळेल?

ता. क. चपला घालू की बूट?

– काठावरची

*

प्रिय ताई,

तुम्ही मला ताई म्हटलंत. मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण या सदरात सगळ्याच ताई असतात, तेव्हा तुम्हीही ताई.

नातवाचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. आठ वर्षांच्या मुलाला काळजी नसते, तो घरात जे ऐकतो ते म्हणतो. आजी घराबाहेर पडली की वेळ विचारायची असते, हे तो शिकला. तुमच्या आयुष्यातला हा चौथा विचारणारा. त्याच्यावर रागावता येत नाही, म्हणून तो जास्त लागला असणार.

आता तुमचा प्रश्न. परवानगी कशी मागू म्हणजे मिळेल? मागूच नका. मागितली की समोरच्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आपणच देतो, आणि मुलाने तो वापरला तर त्याला दोष तरी काय द्यायचा. सदुसष्टाव्या वर्षी विचारायचं ते डॉक्टरांना आणि त्या कुरकुरणाऱ्या गुडघ्याला. मुलाला सांगायचं असतं. पण ताई, आज तुम्ही सांगू शकत नाही, आणि त्याचं कारण धाडस कमी आहे हे नाही. कारण तुमचं कार्ड त्याच्या पाकिटात आहे. म्हणून नदीकडे नंतर येऊ, आधी त्या कार्डाकडे.

कुटुंबनिवृत्तिवेतन तुमचं आहे, तुमच्या नावाच्या खात्यात येतं. एखाद्या दुपारी पासबुक आणि आधार कार्ड घेऊन एकट्या बँकेत जा. खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते विचारा. बहुधा मुलाचा असेल. तो बदलून स्वतःचा द्या आणि कार्ड घरी मागून घ्या. ‘का?’ असं विचारलं तर ‘मला चालवायला शिकायचंय’ एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. पहिल्या वेळी यंत्रासमोर हात थरथरेल, मागच्या रांगेतला कुणीतरी उसासे टाकेल. टाकू द्या. नर्मदेकाठी कुणी सोबत नसताना गोळ्या घ्यायच्या आहेत, एखाद्या आश्रमाच्या दानपेटीत काही ठेवायचं आहे, एखाद्या दिवशी पाय साफ नाही म्हणाले तर रिक्षा करून दवाखाना गाठायचा आहे. तेव्हा मुलाला फोन करून ‘जरा पैसे पाठव’ म्हणायची वेळ आली, तर तुम्ही घराबाहेर पडलाच नाहीत असं होईल.

याच कामातली एक गंमत. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. पायी परिक्रमा सुरू होते ती चातुर्मास संपल्यावर, कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीनंतर, म्हणजे नेमकी त्याच सुमाराला. दाखला न देता निघालात तर पुढे पेन्शन अडकेल आणि कागदोपत्री तुम्ही हयात आहात की नाही यावर घरात चर्चा होईल. हल्ली फोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण ते काम एखाद्या जंगलातल्या एका दांडीच्या नेटवर्कवर सोडू नका. नोव्हेंबर लागला की बँकेत जाऊन ते उरका आणि मग निघा. एकादशीचा दिवस हुकला तर हुकला, त्यानंतर आठवडे-आठवडे लोक निघतच असतात.

आणि त्या सह्या. इथे मी आवाज थोडा चढवते. जायच्या गडबडीत कुठल्याही कागदावर सही करू नका. यजमान मृत्युपत्र न करता गेले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा समान हिस्सा असतो. यजमानांची आई हयात असती तर त्यांचाही. तुमच्या हिश्शाच्या तुम्ही पूर्ण मालक आहात, ‘राहण्यापुरता हक्क’ वगैरे नाही. तुमच्यापुढे येणारा कागद बहुतेक हक्कसोडपत्राचा असेल. त्याची एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं फार अवघड जातं. मुलाच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. ‘मागे अडचण नको’ असं लोक खरोखर सरळ मनानेही म्हणतात. पण सरळ मनाचा कागद सात महिने थांबू शकतो. ‘परत आल्यावर वकिलाला दाखवून आणि तुझ्या बहिणीला बोलावून बघू,’ असं सांगा. लेकीलाही त्या घरात हिस्सा आहे, हे वाक्य त्याला त्याच दिवशी आठवलेलं बरं. त्याने कुरकुर केली तर मला पुन्हा लिहा, तो प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं.

झालं. आता नदी.

त्याआधी एकच विचारते, उत्तर मला कळवू नका. तुम्हाला चालायचंय की घरातून जायचंय? दोन्हीत गैर काही नाही. पण जायचंच असेल, तर त्याला परिक्रमेचा उपाय करू नका. परिक्रमा गोल असते हो. जिथून उचलली तिथेच ती आणून सोडते. आठव्या महिन्यात तुम्ही त्याच दारात उभ्या असाल, हातात तीच भाजीची पिशवी असेल. तुमचं पत्र वाचून मला वाटतं की तुम्हाला चालायचं आहे. ‘एका दिशेने’ हे शब्द पळून जाणारी बाई लिहीत नाही. म्हणून पुढचं लिहिते.

मी स्वतः पूर्ण पायी परिक्रमा केलेली नाही. एकदा बसने केली आणि एकदा चैत्रात तिलकवाड्याजवळची उत्तरवाहिनी पायी केली. नर्मदा तिथे काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून तेवढ्याच भागाची ही छोटी परिक्रमा, पहाटे निघून एका दिवसात होते. तेवढ्यात माझे पाय जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पूर्ण करून आलेल्या बायकांशी मी खूप बोलले आहे, आणि त्यांच्या बोलण्यातलं जे पुरुषांच्या वर्णनात येत नाही तेच तुम्हाला सांगते.

आधी हिशेब. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर २६०० च्या वर. धरणांचे फुगवटे, वळसे, चुकलेल्या वाटा धरून पायाखाली ३००० तरी समजा. धडधाकट माणसं रोज वीस-पंचवीस चालतात आणि चार-पाच महिन्यांत परततात. शेजारणीच्या भावाने तोच आकडा सांगितला असेल आणि तो ऐकून तुम्ही मनात गुडघा चोळला असेल. त्याचा आकडा त्याच्यापाशी राहू द्या. कार्तिकी ते आषाढी एकादशी हे सुमारे आठ महिने आहेत. रोज पंधरा किलोमीटर म्हणजे २०० दिवस, वर महिनाभर आराम, आजारपण आणि ‘आज नाही चालावंसं वाटत’ यासाठी. जमतं. आणि जुनी रीत तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची आहे. त्या मानाने तुम्ही धावतच निघालात.

नियम दोनच नीट समजून घ्या : नदी कायम उजव्या हाताला आणि पात्र कुठेही ओलांडायचं नाही. पुलावरूनसुद्धा नाही. उपनद्या ओलांडता येतात. ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प केलात की पश्चिमेकडे चालायला लागायचं. बेटावरच्या ओंकाराचं दर्शन परिक्रमा पूर्ण झाल्यावर, कारण बेट पात्रात आहे. मला हा नियम फार आवडतो. देव समोर दिसतोय आणि तो म्हणतोय, आधी फिरून ये.

ओंकारेश्वरहून कार्तिकात निघण्याचा एक फायदा कुणी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या चालीने समुद्र येतो पौषाच्या आसपास. मग उत्तर तटाने पूर्वेकडे, आणि अमरकंटकला तुम्ही पोचता ती थंडी ओसरल्यावर. ते हजार मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात गारठून गेलेल्या बायका मला माहीत आहेत. त्याची किंमत परतीच्या दक्षिण तटावर मोजावी लागते, कारण तोवर वैशाख लागलेला असतो. तेव्हा उजाडताच निघायचं, नऊ-साडेनऊला सावली धरायची, आणि दुपारी कुणी कितीही म्हटलं तरी उठायचं नाही.

शूलपाणीच्या झाडीची भीती तुम्हाला कुणीतरी घातलीच असेल. तिथे परिक्रमावासींना लुटत, अंगावरचे कपडेही ठेवत नसत, हे जुन्या वर्णनांत खरंच आहे. आज त्यातली बरीच वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे आणि लोक डोंगरातून वळसा घालून जातात. लुटणाऱ्यांऐवजी आता चढ भेटतात. तिथल्या आदिवासी पाड्यांवर, जिथे घरात दोन भांडी असतात, तिथे ‘माताराम, बैठो’ म्हणून चहा पुढे येतो. हो, तुमचं नाव आता माताराम. कुठल्याही आश्रमात शिरताना ‘नर्मदे हर’ म्हणायचं. आतून विचारतील, ‘कितनी मूर्ति?’ म्हणजे तुम्ही किती जण. आयुष्यभर कुणाची तरी सून, बायको, आई असलेल्या बाईला ‘एक मूर्ति’ असं उत्तर द्यायला काय वाटतं, ते एका बाईंनी मला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तोंडातून ते निघालंच नाही म्हणाल्या.

पण त्याच बाईंनी दुसरीही गोष्ट सांगितली. अनेक ठिकाणी तयार जेवण असतं, त्याला अन्नक्षेत्र म्हणतात. काही ठिकाणी सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा शिधा, आणि रांधायचं आपण. त्या बाई चार पुरुषांबरोबर चालत होत्या. पहिल्या संध्याकाळी सदाव्रत मिळालं, चौघांनी आसनं लावली, पाय चेपत बसले आणि पीठ आपोआप यांच्यापुढे आलं. यांनी भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशीही थापल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या आणि एकट्याच पुढे निघाल्या. ताई, चूल तुमच्या आधी निघून पुढच्या मुक्कामाला पोचलेली असते, हे लक्षात ठेवा. कुणाबरोबर चालायचं ठरलंच, तर पहिल्याच संध्याकाळी पाळ्या ठरवा. हसत ठरवा, पण ठरवा. शक्यतो एक-दोन बायकांची सोबत बघा आणि तीही अशी, की सकाळी पुढे-मागे चालून संध्याकाळी एका मुक्कामाला भेटायचं. झाडीचा टप्पा मात्र सोबतीशिवाय करू नका आणि अंधारात कुठेच चालू नका. चारनंतर पुढच्या गावाचा मोह धरायचा नाही.

एवढे नियम, दुसऱ्याच्या हातचं अन्न, दुसऱ्याच्या ओसरीवर झोप. यात मोकळेपण कुठलं, असं तुमचा मुलगा विचारेल. मीही विचारलं होतं. एकीने फार साधं उत्तर दिलं : ‘तिथे मला कुणाच्या तरी वेळेत पोचायचं नव्हतं.’ माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आता पोहणं. येत नाही, बरंच झालं. पोहता येणारेच खोल पाण्यात जातात. बांधलेल्या घाटावर, साखळी किंवा कठडा असेल तिथे, पायरीवर बसून तांब्याने आंघोळ. नदीवर बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी मोठी धरणं आहेत. कोरड्या दिसणाऱ्या खडकांवर वरून सोडलेलं पाणी बघता बघता चढतं. २००५ च्या एप्रिलमध्ये धाराजीच्या यात्रेत रात्री असंच पाणी आलं आणि यात्रेकरू वाहून गेले. म्हणून पात्रातल्या वाळूवर आसन लावायचं नाही, कितीही छान चांदणं असलं तरी. भोंगा ऐकू आला की आधी वर यायचं, कपडे नंतर.

एकदाच तुम्हाला खरोखर पाण्यावर जावं लागेल. दक्षिण तटावर कठपोरला काठ संपतो. तिथून नाव समुद्रातून पलीकडे मिठीतलाईला नेते, कारण नदी तर ओलांडायची नाही, मग तिच्या मुखाला वळसा. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. त्यामुळे नाव तुमच्या वेळेवर सुटत नाही, पाण्याच्या वेळेवर सुटते. मध्यरात्रीही सुटते. चढा-उतरायला चिखल असतो, तीन-चार तास लागतात, कधी जास्त. सुरक्षा-जाकीट मागून घ्या आणि नाव गच्च भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. बायकांची एक अडचण अशी, की नावेत आडोसा नसतो. म्हणून त्या दिवशी कित्येक जणी पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. थोडं थोडं प्या, निघायच्या आधी जाऊन या. हे कुणी छापत नाही, म्हणून मी छापते.

शरीर. डॉक्टरांना ‘यात्रेला जाऊ का’ असं विचारू नका, ते ‘जपून’ म्हणतील आणि पुढच्या पेशंटला बोलावतील. ‘रोज पंधरा किलोमीटर, पाठीवर पाच किलो, सात महिने,’ असं सांगा आणि हृदयाचा आलेख, साखर, हाडांची घनता तपासून घ्या. आपल्या वयात पडणं म्हणजे खरचटणं नसतं, मनगट नाहीतर खुबा जातो. काठी शोभेची नाही, हातात हवीच. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या, त्यांच्यातल्या औषधाचं मूळ नाव कागदावर लिहून घ्या, म्हणजे छोट्या गावातला दुकानदारही दुसऱ्या कंपनीची बरोबर गोळी देईल. आजपासून रोज अर्धा तास, पुढच्या महिन्यात तास, मग पाठीवर पिशवी घेऊन. साडीत चालायचं की पंजाबी ड्रेसमध्ये यावर बायकांत मोठा वाद आहे. मी पंजाबी ड्रेसच्या बाजूने आहे आणि नऊवारीतल्या एक बाई माझ्यापुढे तरातरा निघून गेल्या होत्या हेही मान्य करते.

आणि पूर्ण परिक्रमेआधी एक तुकडा चालून बघा. आपल्याकडून इटारसीवरून जबलपूरला जाणारी रेल्वे दक्षिण तटाला धरूनच धावते : पिपरिया, गाडरवारा, करेली, नरसिंहपूर. करेलीला उतरा, बरमान घाट गाठा आणि नदी उजव्या हाताला ठेवून नर्मदापुरमच्या सेठानी घाटापर्यंत चालत या. तेच आपलं जुनं होशंगाबाद. तुमच्या चालीने दहा-बारा दिवस. गुडघा नाही म्हणाला तर कुठल्याही टप्प्यावर गाडी जवळ आहे. तुकड्या-तुकड्यांत, दर वर्षी जिथे सोडली तिथून पुढे, अशीही अनेक जण करतात. त्याला खंड परिक्रमा म्हणतात आणि तुम्हाला पुण्याचा हिशेब जमतच नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. या दहा दिवसांत घरचंही कळेल. म्हणजे नातवाची शाळा सुटल्यावर त्याला कोण आणतं, ते.

त्या नातवाबद्दल. सून दोनदा बोलली आणि तिचं चूक नाही. तिच्या नोकरीचा अर्धा पाया तुम्ही आहात, तो एका सकाळी काढून घेऊ नका. सहा महिने आधी तारीख सांगा. पाळणाघर, कामाला बाई, मुलाच्या नोकरीच्या वेळा, जे काय ठरवायचं ते त्यांनी ठरवू दे. तुम्ही त्यांच्यासाठी पर्याय शोधत बसू नका. शोधलात तर प्रत्येक पर्यायात काहीतरी खोट निघेल आणि तुम्ही थांबाल. ‘त्याची चौथी होऊ दे, मग दहावी होऊ दे’ हा रस्ता नर्मदेपेक्षा लांब आहे.

बसचं काय? बस वाईट नाही, मी गेले होते. पंधरा-वीस दिवसांत सगळी तीर्थं होतात, गरम पाणी मिळतं, ग्रुपमधल्या बायका गातात. पण प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापक शिट्टी वाजवून सांगतो, ‘मातामंडळी, पाऊण तास, किती वाजता येणार तेवढं बघा.’ तुम्हाला हे ऐकायला तिथवर जायचं आहे का?

मुलाला सांगताना लांबण लावू नका. रविवारी जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना : ‘मी नोव्हेंबरमध्ये परिक्रमेला निघते आहे. पायी. तपासण्या झाल्या आहेत. त्याआधी फेब्रुवारीत दहा दिवस चालून बघणार आहे.’ आणि मग गप्प. ही गप्प राहण्याची दोन मिनिटं झाडीपेक्षा कठीण जातील. तो ‘लोक काय म्हणतील’ म्हणेल. मला इथे अहिल्याबाईंचं उदाहरण द्यायचा मोह झाला होता. पती, सासरे, मुलगा गेल्यावर त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवलं आणि तेही महेश्वरहून, याच नदीच्या काठावरून. पण त्यांना राज्य चालवायचं होतं, तुम्हाला सात महिने चालायचंय. एवढ्यासाठी इतिहास कशाला? लोकांना सांगायला मुलाला एक वाक्य द्या : ‘आईला जायचं होतं, मी स्टेशनवर सोडून आलो.’ हे वाक्य त्याला आवडेल. त्यात तो चांगला दिसतो. खरोखरच त्याला सोडायला येऊ द्या.

आणि फोन. त्याची काळजी खरी आहे, ती नाकारू नका. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की त्या गावाचं नाव तुम्ही पाठवायचं. नेटवर्क नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन नावं जातील, हे त्याला आधीच सांगून ठेवा. ओंकारेश्वरला संकल्पाच्या वेळी फोटो आणि आधारची प्रत देऊन परिक्रमेचा कागद मिळतो, वाटेतले आश्रम त्यावर शिक्के मारतात. त्याच्या पाठीमागे मुलाचा आणि मुलीचा, दोघांचेही नंबर लिहा. नातवाला एक मोठा नकाशा आणून द्या. रोज ते गाव त्याने शोधायचं. काही गावं नकाशावर नसतीलच. नसू देत, त्याने स्वतः ठिपका काढावा. आजी कुठवर आली हे विचारायला लागला की बाकीचं तो विसरेल.

ता. क. चं उत्तर : बूट. नेहमीपेक्षा एक माप मोठे, कारण तासाभराच्या चालीने पाय सुजतात. आत सुती मोजे, बदलायला दुसरा जोड पिशवीत. नवे बूट घालून निघालात तर तिसऱ्या दिवशी फोड येतील. म्हणून ते उद्याच आणा, तुमच्या कार्डाने, आणि भाजी आणायला जातानाही तेच घाला. सून विचारेल, ‘आई, हे काय?’